लाल शिक्का उमटण्याआधी

मी भांडुपच्या एका शाळेत गणित शिकवतो. डिजिटल साक्षरतेच्या प्रशिक्षणासाठी आम्हाला मुलुंडला बोलावलं होतं. शेजारी आमच्याच शाळेतल्या चौथीच्या बाई बसल्या होत्या. पडद्यावर नवीन काही आलं की त्या लगेच मोबाइल उचलायच्या.

"बाई, आधी वाचा तरी," मी म्हटलं.

"अहवालाला फोटो लागतात, सर. शेवटी तुम्हीही माझ्याकडेच मागणार ना?"

खरं होतं. मागच्या दोन्ही प्रशिक्षणांचे फोटो मी त्यांच्याकडूनच घेतले होते.

जेवणानंतर प्रशिक्षकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश दाखवला. बुढ्ढी के बाल विकणाऱ्या माणसाचा फोटो, खाली 'मुलं पळवणारा. सावध राहा.' चेहरा झाकलेला नव्हता. "हे आपल्याच भागात फिरलंय," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं, तेव्हा त्यावर 'खोटे' असा लाल शिक्का आला. बाईंनी फोटो त्याआधीच काढला होता. चहाच्या सुट्टीत त्यांनी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'आजच्या प्रशिक्षणातून. सर्वांनी जरूर वाचावे.' अफवांपासून जपा, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

त्याच संध्याकाळी शाळा सुटताना फोटोतला तो माणूस नेहमीसारखा घंटी वाजवत आमच्या शाळेच्या फाटकाशी आला. आठ-दहा जणांनी त्याला धरून मारलं. पोलीस आले तोवर त्याचा डावा डोळा गेला होता.

कळल्याबरोबर बाईंनी ग्रुपवर खुलासा टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोबाइल दाखवला. बावन्न पालकांपैकी फोटो सगळ्यांनी पाहिला होता, खुलासा एकोणीस जणांनी.

मारणाऱ्यांपैकी एकाची मुलगी माझ्या वर्गात आहे. जामिनावर सुटल्यावर तो मला म्हणाला, "सर, असले मेसेज रोज येतात, मी बघतही नाही. पण हा बाईंनी पाठवला होता ना!"

बाई आणि मी रुग्णालयात गेलो. त्या माणसाची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. शाळेतून आलोय म्हटल्यावर ती उठून उभी राहिली. बाईंनी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनेच आधी हात जोडले.

"बाई, तुमचं लोक ऐकतात. हे पोरं पळवणारे नाहीत, एवढं सगळ्यांना सांगाल का?"

बाईंनी मोबाइल काढून ग्रुप उघडला. खुलासा पाहणारे अजूनही एकोणीसच होते.