ठमाबाईंचा दुपारचा आवाज

ओपीडी संपली होती. मी हात धुऊन जेवायला निघाले होते, तेवढ्यात ठमाबाई दारात आल्या. डोळखांबची एसटी वाटेत बंद पडली होती म्हणे. महिन्यातून दोनदा मी ठाण्याहून शहापूरला येते, आणि भूक लागली की मी काही फार प्रेमळ डॉक्टर नसते. पण केसपेपरवर लिहिलं होतं, 'घसा नॉर्मल, तरी आवाज जातो.' मी छातीची सर्जन. घशाचे डॉक्टर थकले की असे पेशंट आमच्याकडे ढकलतात. बसा म्हटलं.

ठमाबाई धवलारीण. म्हणजे लग्नात देवांना बोलावण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीची गाणी, धवले, म्हणणारी बाई. ती गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. सोबत सून होती, कविता. ती खाली मान घालून बसली.

"काय होतं?"

"गानं सुरू करते तवा गला चांगला असतो. मग आवाज नाकात जातो, जीभ जड होते. मग पुढचं ही म्हनते." त्यांनी सुनेकडे न बघता हनुवटीने दाखवलं. "हिला आता सगली गानी येतात. माजा गला हिनंच बांधलाय."

गळा बांधणं म्हणजे करणी करणं. अख्खा पाडा तेच म्हणत होता. मुलगा बायकोला खर्डीला माहेरी कायमची सोडून यायच्या बेतात होता.  कविताची बोटं पदराच्या काठावर सारखी चालली होती.

मी ठमाबाईंना म्हटलं, "थोडं गाऊन दाखवा."

"लगीन नसताना धवला म्हनत नाय."

"एकच ओळ?"

"नाय."

बाई ऐकेनात. मला तर त्यांचा आवाज थकलेला ऐकायचा होता. शेवटी म्हटलं, "बरं, सुनेबद्दल सांगा."

हे त्यांनी आनंदाने केलं. भात गिचका करते, मोबाइल सोडत नाही, पाहुण्यांसमोर पटकन उठत नाही. मी मधे मधे "मग?" एवढंच म्हणत होते. थोड्या वेळाने तक्रार खरोखरच नाकातून यायला लागली. शब्द एकमेकांवर पडू लागले. डावी पापणीही हळूहळू खाली आली. मी जेवण विसरले.

त्यांना गप्प बसवलं, डोळे मिटायला लावले आणि लशीच्या फ्रिजमधला आइसपॅक फडक्यात गुंडाळून पापणीवर धरला. दोन-तीन मिनिटांनी काढला, तर पापणी वर. कविता पहिल्यांदाच पुढे वाकून बघायला लागली.

या आजाराला मायस्थेनिया म्हणतात. नस हुकूम सोडते, पण तो स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, कारण शरीरच मधे अडथळा घालतं. स्नायू जितका वापराल तितका थकतो. विश्रांती दिली की पुन्हा ताळ्यावर येतो, गारव्यानेही थोडा सुधारतो. ठमाबाई दर वेळी पहाटेच्या गाडीने येऊन सकाळी ताज्या आवाजात डॉक्टरांपुढे बसत. घसा नॉर्मल दिसणार नाही तर काय.

अशा काही पेशंटमध्ये मूळ छातीत असतं. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेला मेडिआस्टिनम म्हणतात. तिथे छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते आणि क्वचित तिच्यात गाठ होते. ठमाबाईंच्या सीटी स्कॅनमध्ये मोठ्या लिंबाएवढी गाठ निघाली.

ठाण्याला बॉसनी फिल्म उजेडात धरली. "डावीकडे वर चिकटलेली दिसते. आवाजाची नस तिथेच."

"हो."

"बाई गाते ना? मग नस वाचवणार की गाठ पूर्ण काढणार?"

"दोन्ही."

"सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

आवाजाची नस मोठी विचित्र. मेंदूकडून निघते, गळा ओलांडून छातीत उतरते, मोठ्या धमनीला वळसा घालून परत गळ्यात चढते. शहापूरहून शेजारच्या मुरबाडला उलट्या दिशेच्या कसाऱ्यावरून जावं तसं. ती तुटली तर आवाज कायमचा बसणार. आणि पाड्यात माझ्या कात्रीला कुणी बोल लावला नसता. कविता माहेरी गेली असती. मला याची भीती वाटत होती, हे सरळ सांगते.

औषधांनी ताकद आणून मग ऑपरेशन केलं. छातीचं हाड उभं कापून आत गेलो. गाठ बाकी सगळीकडून सुटली, पण वरचं टोक हलेना. ते केसाकेसाने सोडवावं लागलं. भूलतज्ज्ञांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, मी एकदाही नाही. गाठ अखंड निघाली, नस जागेवर राहिली.

घरी जाताना कविताने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मॅडम, गाठीचा फोटू द्या ना. पाड्यात दावते." सासूबाईंना विचारून दिला.

पुढच्या भेटीत मी विचारलं, "पटलं का लोकांना?"

"अर्ध्यांना पटलं," ती म्हणाली. "बाकीचे बोलतात, गाठ पन हिनंच घातली."

गळ्याचं खरं काय झालं ते मात्र कळेना. दुर्बिणीतून बघितलं तर स्वरतंतू हलत होते. पण लग्न असल्याशिवाय बाई गाणार नाहीत, आणि लग्नसराई उन्हाळ्यात. या आजाराला ऑपरेशननंतरही आराम पडायला महिने लागतात. शेवटी पाड्यातल्या एका लग्नाचं बोलावणं आलं आणि मी गेले.

ठमाबाई मांडवात बसल्या, कविताला हात धरून शेजारी बसवलं आणि गाऊ लागल्या. आवाज जुना, भरदार. देवांची नावं झाली, हळद लागायला लागली. तोपर्यंत सूर थोडा नाकात उतरला. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ठमाबाई थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी दमलेय. घे गो पुढं, मीच शिकवलंय तुला."

कविताने घेतलं. एकदाच तिचा आवाज कापला, मग लागला. करणीचं नाव त्यानंतर माझ्या कानावर आलं नाही.

आता संध्याकाळी त्रास होणाऱ्या पेशंटला मी संध्याकाळीच बोलावते. स्टाफ कुरकुरतो. त्यांना मी सांगते, आपल्या सोयीच्या सकाळच्या ओपीडीने एका सुनेचा संसार मोडत आणला होता.