क्लच जड लागतोय

गाडी क्रेनने आमच्या कोलशेतच्या गॅरेजात आली तेव्हा मी तिच्याकडे आधी बघितलंच नाही. क्रेनवाल्याला विचारलं, "ड्रायव्हर?"

"हॉस्पिटलात आहेत. पायाला लागलंय, बाकी ठीक."

मग बघितलं. शीळफाट्याच्या उतारावर एक ट्रेलर दिवे न लावता उभा होता, त्याच्यावर ती मागून गेलेली. तोंडाचा पत्रा आत दबलेला, रेडिएटर पंख्यावर बसलेला, पंख्याची पाती तुटून जाळीत रुतलेली.

याच गाडीतून मी इथे आलेलो. आठवी अर्ध्यावर सोडलेली. सांगोल्याकडच्या आमच्या गावातून गाडी डाळिंबं भरून निघालेली आणि तिच्यावरचे, आमच्या शेजारच्या गल्लीतले ड्रायव्हरकाका आईला म्हणालेले, "पोराला मी नेतो. उपाशी ऱ्हाणार न्हाई." कोपरच्या त्यांच्या खोलीत मी वर्षभर राहिलो. काकूंनी कधी माझी भाकरी मोजली नाही. या गॅरेजात मला चिकटवलं तेही काकांनीच. आज मिस्त्री म्हणून चार लोक विचारतात, ते त्या दोघांमुळे.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून गाडीचा मालक आला. उभ्या उभ्याच बोलला. "इंजिन वाचलं असेल तर करू. ब्लॉक गेला असेल तर सांग, भंगारवाला तयार आहे."

"आणि काका?"

"बाकीच्या गाड्यांवर माणसं आहेत रे. बघू."

बघू म्हणजे नाही, हे मी इथे आल्यावर लवकर शिकलेलो.

ठोकलेल्या गाडीचं इंजिन चावी मारून बघायचं नसतं. आत काही वाकलं असेल तर एका चावीत होतं नव्हतं ते जातं. आधी ऑइलची गेज काढली. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते चहासारखं दिसतं. हे काळंच होतं. तरी बोटावर घेऊन उन्हात नेलं. पुसून परत गेज बुडवली. माझा स्वभावच भित्रा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवायला घेतलं.

"सासऱ्याची गाडी आहे काय रे? किती जपून!" बाजूचा मिस्त्री ओरडला.

अर्धा फेरा झाला आणि इंजिन अडकलं. पाना तसाच धरून मी बसलो. काकांना जाऊन काय सांगायचं, याची वाक्यं डोक्यात यायला लागली. एकही धड नव्हतं.

पुली उतरवली. मागचं टायमिंगचं झाकण दबून आतल्या गिअरला टेकलेलं. झाकण काढलं, पाना लावला, आणि इंजिन फिरलं. पूर्ण. पुन्हा फिरवलं, आणखी एकदा फिरवलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा ओतीव सांगाडा, डिझेलने धुऊन टॉर्चच्या उजेडात तडा शोधला. पाण्याचा पंप फुटलेला, माउंटिंग तुटलेलं, पण ब्लॉक धड. वरचं हेड उघडून वाकलंय का बघायला पट्टी लावली, तेही सरळ. पाणी सांडल्यावर इंजिन चालत राहिलं असतं तर पिस्टन जाम झाले असते. ते वाचले कसे, हेच मला कळेना.

ते काकांनीच सांगितलं. सामान यायला वेळ लागला, तोवर त्यांच्या डाव्या गुडघ्याचं प्लास्टर निघालं आणि त्यांचा पुतण्या त्यांना बाईकवरून रोज गॅरेजात सोडायला लागला. ते ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसून माझं काम बघायचे. चहा मी जागेवर नेऊन द्यायचो. मोठं माणूस, म्हणून.

"पाय डॅशबोर्डाखाली अडाकला हुता," ते म्हणाले. "पर आदी चावी बंद केली. पाणी सांडत हुतं की रं समदं. मग हाका मारल्या."

"काका, आधी हाका मारायच्या!"

"हाका मारून पिस्टन वाचत्यात व्हय?"

सगळं गॅरेज हसलं. मीसुद्धा.

नवा रेडिएटर, पंप, पंखा, झाकण, सगळं बसवलं. पत्रेवाल्याने तोंड सरळ केलं. गाडी पुढेमागे करून ट्रायल मी आदल्या दिवशीच घेतली. पण गॅरेजातून गाडी बाहेर काढायची ती तिच्या ड्रायव्हरनेच, नारळ फोडून, अशी आमच्याकडची रीत. मालकही आलेला.

काका हातांवर जोर देऊन कॅबिनमध्ये चढले. पहिल्या चावीला इंजिन लागलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "लका, पैल्यापरीस बरं झालंय की!"

मग गिअर टाकला. करकर आवाज आला, गाडी हलली नाही. परत तेच. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं.

"क्लच जड लागतोय रं. बघ जरा."

मालक माझ्याकडे बघायला लागला. आदल्या दिवशी तो क्लच लोण्यासारखा होता.

"हो काका, जड आहे थोडा," मी म्हणालो आणि पाना घेऊन गाडीखाली गेलो.

तिथे करण्यासारखं काही नव्हतं. एक नट सैल केला, तोच परत आवळला. क्लचची दांडी माझ्या तोंडासमोर होती; वर डावा पाय जितका दाबेल तितकी ती सरकते.

"आता दाबा काका."

दांडी थोडी सरकली, थरथरली आणि मागे आली.

"आता?"

पुन्हा सरकली. अर्ध्यावर बराच वेळ थरथरत राहिली, मग मागे आली. त्यानंतर हललीच नाही. वर काकांनी चावी बंद केली. मालकाचे बूट गेटकडे गेले.

"ये भाईर," काकांचा आवाज आला. "तोंडावर ऑइल सांडंल."

"थांबा काका," मी खालून म्हणालो, "अजून एकदा बघतो."