भिंतीमागची शेगडी

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी शरयू जगदाळे ‘लाल कंदील’मध्ये शिरली आणि दारातच थबकली. काउंटरमागे, जिथे तिची शेगडी बसायची होती, तिथे एक तरुण उभा होता. डोक्याला निळा फडका, अंगात तिरक्या गळ्याचा जपानी सदरा, छातीवर नावाची पट्टी: केन. शिखा त्याचे फोटो काढत होती आणि तिचा नवरा अंबरीश, या पबचा मालक, लांबून मान तिरकी करून सूचना देत होता.

“थोड़ा और झुक. हां. हँस मत यार, जापानी लोग सीरियस होते हैं.”

“हे कोण?” शरयूनं विचारलं.

अंबरीश लगबगीनं पुढे आला. “ताई, तुम्हाला सांगणारच होतो. काउंटरवर हा राहील. तुमच्यासाठी आत मस्त किचन करून दिलंय. एग्झॉस्ट पण मोठा लावलाय.”

“आणि शेगडी?”

“ती पण आतच. बाहेर छोटी एक ठेवून राहिलोय, धुरासाठी. लोकांना फील यायला हवा ना, ताई. दारातून आत आलं की वाटलं पाहिजे, आपण ग्वाल्हेरमध्ये नाही, टोकियोच्या गल्लीत आहोत.”

“मग मला बघून काय वाटेल?”

“ताई, तुम्ही पण ना!” असं म्हणून अंबरीश हसला आणि पुन्हा फोटोंकडे वळला.

शरयूची कानशिलं तापली. तिथल्या तिथं निघून जावं, असं तिला वाटलं. ती गेली नाही. का गेली नाही, याचा जाब तिनं पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला.

शरयू ग्वाल्हेरच्या खासगी बाजार मोहल्ल्यातली. तिचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि इथलेच झाले. तलवारी कधीच गेल्या. तिचे वडील कृष्णराव, तिचे अण्णा, वीजमंडळात नोकरी करून निवृत्त झाले. घरात रविवारी मटण शिजायचं, आणि ते शिजवताना आईच्या शेजारी ही एवढीशी पोर चुलीपाशी बसून असायची. हॉटेलचं शिक्षण घेऊन शरयू गुडगावला गेली. तिथे मोटारींच्या कारखान्यांत जपानी इंजिनिअर कामाला असत, आणि त्यांच्यासाठी तानाबे नावाची एक जपानी विधवा छोटंसं पिण्या-खाण्याचं दुकान चालवायची. शरयूनं सुरुवातीला तिथे नुसतं काड्यांवर मांस ओवलं. मग कधीतरी म्हातारीनं तिला कोळशापुढे उभं केलं. अशा दुकानात भाजणारा खाणाऱ्याच्या समोरच उभा असतो. तो तुमचे हात बघतो, तुम्ही त्याचा चेहरा बघता. दिवसभर राबून आलेला माणूस पहिला घास घेतो आणि त्याचे खांदे खाली येतात. ते बघायला शरयूला फार आवडायचं. लग्न राहून गेलं, त्याची तिला खंत वाटली नाही.

मग आई गेली. अण्णा एकटे पडले, गुडघ्यांनी दगा दिला, आणि शरयू ग्वाल्हेरला परत आली. काय करावं सुचत नव्हतं, तेव्हा अंबरीश घरी आला. मराठी मंडळाच्या गणपतीत त्याचे वडील आणि कृष्णराव बरोबर काम करायचे. मुलगा बंगळुरूला राहून परतला होता. अण्णांच्या पाया पडून तो म्हणाला, “ताई, दिल्लीत, बंगळुरूत आता नवीन तऱ्हेचे जपानी पब निघालेत. आतून सगळं जुन्या काळातलं. पन्नास वर्षांपूर्वीची पोस्टरं, नारिंगी प्लास्टिकची स्टुलं, बियरचे क्रेट उलटे ठेवून टेबलं. वर गुलाबी निऑन. पोरं रांगा लावून राहिलीत. ग्वाल्हेरमध्ये एक पण नाही. आणि तुमच्यासारखा हात मी कुठून आणू?”

शरयू विरघळली. मेनू तिनं बसवला. कोळसा तिनं निवडला. चटणीसारखा दाट सॉस तिनं दिवसचे दिवस आटवून जमवला, पनीर खाणाऱ्यांसाठी त्याची वेगळी तऱ्हा काढली. काउंटर किती उंच हवा हे सुताराला तिनंच सांगितलं, आपल्या कमरेचं माप देऊन. आणि आता त्या काउंटरमागे केन उभा होता.

पब धो-धो चालला. सिटी सेंटरची, मुरारची पोरंपोरी, कॉलेजवाली, नवीन नोकरीवाली, सगळी येऊन आधी फोटो काढायची, मग बसायची. दार उघडलं की केन जोरात जपानी स्वागत ओरडायचा, वाकायचा, आणि छोट्या शेगडीवर पंखा हलवून धूर काढायचा. त्या शेगडीवर काहीच भाजलं जात नव्हतं. खरं भाजणं भिंतीमागे चाललेलं असे. मधल्या खिडकीतून शरयू ताटल्या सरकवायची, केन त्यावर ब्रशनं सॉस फिरवायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे.

खिडकीतून तिला फक्त त्याची पाठ दिसायची. त्या पाठीचाच तिला संताप येऊ लागला. ती त्याच्याशी बोलत नसे. ताटली अशी आपटायची की सॉस उडावा.

एके सकाळी कृष्णरावांनी फोन तिच्यापुढे धरला. “हे बघ. तुमच्या हॉटेलाचा व्हिडिओ. म्हणून राहिलाय, जपानहून शेफ आणलाय. हा कोण गं? तुझं नाव कुठाय यात?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? तुला झाकून ठेवून राहिले का ते?”

शरयूनं चहाचा कप असा ठेवला की बशीचा तुकडा उडाला. “हो, अण्णा. झाकूनच ठेवलंय. आणि मी झाकून घेतलंय.”

त्याच दिवशी, पब उघडण्याआधी, केन आत आला. सदरा अजून घातला नव्हता, साध्या टी-शर्टात होता.

“दीदी, एक बात कहूँ? मुझे सिखा दोगी भूनना? ऐसे खाली पंखा हिलाने में शरम आती है.”

ग्वाल्हेरच्या रिक्षावाल्यासारखी हिंदी. शरयूनं त्याचा खरा आवाज पहिल्यांदाच ऐकला. पण सकाळचा राग अजून धुमसत होता.

“तुझे सीखने की क्या ज़रूरत?” ती म्हणाली. “तेरे पास तो चेहरा है.”

तो हळूच म्हणाला, “चेहरा ही तो है, दीदी. कॉलेज में भी यही था. किराए का कमरा ढूँढा, तब भी यही था. पुलिसवाला रोककर पूछता है पासपोर्ट कहाँ है, तब भी यही. आपको लगता है मैंने माँगा था ये काउंटर? मैं तो हिसाब-किताब की नौकरी के लिए आया था. सर बोले, नहीं, तू सामने खड़ा हो. और उस जापानी स्वागत के सिवा मुँह मत खोलना, हिंदी सुनकर पोल खुल जाएगी. नाम भी ले लिया मेरा.”

“नाव काय तुझं? नाम क्या है?”

“थोइबा.”

तो मणिपूरचा होता. खेळाच्या कॉलेजात शिकायला ग्वाल्हेरला आला, पदवी घेतली आणि शाळेतल्या नोकरीची वाट बघत इथेच राहिला. गावाकडे परतावं तर तिथली परिस्थिती बिकट होती. आई फोनवर म्हणायची, आहेस तिथेच राहा.

शरयूनं हात धुतले. एक काडी उचलून त्याच्या हातात दिली. “ऐसे नहीं. अंगूठा नीचे. हां.” माफीचे शब्द तिला तेव्हा सापडले नाहीत. पण तिचा राग एवढे दिवस चुकीच्या दारावर धडका देत होता, हे मात्र तिला लख्ख दिसलं.

ती अंबरीशकडे गेली. “थोइबाला त्याच्या नावानं उभं कर. आणि मला बाहेर आण. आम्ही दोघं मिळून भाजू.”

“ताई, केन आता ब्रँड झालाय.”

“केन नावाचा माणूसच नाहीये, अंबरीश.”

“लोक केनसाठीच येऊन राहिलेत, ताई,” शिखा लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली. “कमेंट वाचा ना. सगळ्यांना तो किती क्यूट वाटतो.”

“आणि त्याला काय वाटतं?”

दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं शेगडीला काय वाटतं असं विचारलं होतं.

तो शनिवार होता. संध्याकाळीच जागा भरली होती. काउंटरपुढे चार-पाच पोरांचा घोळका, हातात लिंबाच्या फसफसत्या दारूचे मोठे ग्लास. शरयू खिडकीतून ताटली सरकवत होती, तेव्हा तिला ऐकू आलं.

“केन भाई, जापानी में गाली दे ना एक.”

थोइबा वाकला. बोलायचं नव्हतंच.

“अबे ये जापानी-वापानी नहीं है. मोमोवाला है कोई.”

हशा. मग एकानं काउंटरवरून पुढे झुकून थोइबाच्या गळ्यात हात टाकला, दुसऱ्यानं फोन धरला. “आँख खोल ना यार, फोटो में बंद आ रही है!” आणि गळ्यात हात टाकलेल्या पोरानं दोन बोटांनी थोइबाच्या डोळ्याचा कोपरा ताणला. सगळे खिदळले. शेजारी अंबरीश उभा होता. तोही हसला.

शरयूनं ते हसू पाहिलं.

पाण्याची बादली उचलून तिनं शेगडीवर रिकामी केली. फस्सकन वाफ उठली, किचन राखेनं भरून गेलं, आतला भांडी घासणारा ओरडत बाहेर पळाला. त्या वाफेतून शरयू दार ढकलून बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर केस चिकटलेले. ती सरळ त्या पोरासमोर जाऊन उभी राहिली.

“हाथ हटा.”

“आंटी, मज़ाक कर रहे थे…”

“हाथ हटा पहले!”

पबभर माना वळल्या. गाणं मात्र चालूच होतं. पोरानं हात काढला. शरयूला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण तिची नजर थोइबाकडे गेली आणि ती थांबली. “तू बोल,” ती म्हणाली. “जो बोलना है, बोल.”

थोइबानं छातीवरची पट्टी ओढून काढली, काउंटरवर ठेवली.

“मेरा नाम थोइबा है, भैया. मणिपुर का हूँ. ग्वालियर में ही पढ़ा, इधर ही रहता हूँ.”

फोनवाल्या पोराचं तोंड उघडंच राहिलं. “सॉरी भाई. हमें लगा सच में जापानी हो.”

“जापानी होता तो आँख खींच लेते?”

कोपऱ्यातल्या एका मुलीनं ग्लास खाली ठेवला आणि मान फिरवली. अंबरीश धावला, पण थोइबाकडे नाही. त्या पोरांच्या टेबलाशी जाऊन हात जोडत म्हणाला, “सॉरी गाइज़, एक राउंड हमारी तरफ़ से.” मग दात-ओठ खात शरयूकडे वळला. “ताई, आत जा. आत्ताच्या आत्ता.”

“आत काय आहे आता? विस्तव विझवलाय मी.”

“तमाशा करून राहिल्या तुम्ही! माझ्या धंद्याचा…”

“तू हसत होतास, अंबरीश. दारू प्यालेली पोरं ती, त्यांना एकवेळ सोडलं. तू शुद्धीत होतास आणि हसत होतास.” तिनं ॲप्रन काढून त्याच्या हातात कोंबला. “माझ्या बापाच्या पाया पडून मला आणलंस आणि भिंतीमागे कोंडलंस. याला पुढे उभं करून मुका केलास. तुला आमची कुणाचीच गरज नव्हती रे. तुला पुतळे हवे होते.”

ती आणि थोइबा पुढच्या दारानं बाहेर पडले.

कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं होतं. शहरात दोन दिवस चर्चा झाली. काहींनी शाबासकी दिली, काहींनी लिहिलं की ही सगळी पबचीच जाहिरात. ‘लाल कंदील’ थोडे दिवस बंद राहिला आणि पुन्हा उघडला. काउंटरमागे नवा मुलगा होता, दार्जिलिंगकडचा. छातीवर तीच पट्टी, तेच नाव. शरयूला हे कळलं तेव्हा ती घरभर येरझारा घालत राहिली. कृष्णराव म्हणाले, बस जरा. ती बसली नाही.

पुढे एका रविवारी अंबरीश मिठाईचा डबा घेऊन आला. खाणं बिघडलं होतं. लोक फोटो काढायचे आणि ताटल्या अर्ध्या टाकून जायचे.

“ताई, चुकलं माझं. तुम्ही बाहेर उभ्या राहा. तुमच्या नावाची पाटी लावतो, दारावर.”

“आणि थोइबा?”

“त्याचं काय? तो तर स्वतःहून गेला.”

“त्याची माफी माग. जिथे केन केन करून फोटो टाकलेस, तिथेच. त्याचं खरं नाव लिहून.”

अंबरीश डब्याच्या दोऱ्याशी चाळा करू लागला. “ताई, तसं लिहिलं तर लोक मला खोटारडा म्हणतील.”

“तू आहेसच.”

“शरयू,” कृष्णराव मध्ये पडले, “एवढा मान देऊन राहिलाय. घे ना. घरी आलेल्याला असं…”

“अण्णा, तुम्ही बोलू नका! तुमच्या ओळखीनंच गेले होते मी तिथे.”

म्हातारे भिंतीकडे तोंड करून बसले. बापावर आवाज चढवल्याचं तिला लागलं. तरीही तिनं डबा उचलून अंबरीशच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी कृष्णरावांनीच चहा केला आणि तिच्यापुढे ठेवताना म्हणाले, “बरोबर केलंस. मला उशिरा कळतं.”

आता शरयू नया बाजारात लीलाताईंच्या खानावळीत असते. दारू नाही, निऑन नाही. दुपारी वरण-भात, पोळी-भाजी. संध्याकाळी दर्शनी भागात शरयूची शेगडी, आणि समोर बाक. थोइबाला मुरारच्या एका शाळेत खेळाच्या मास्तराची नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी तो येतो, बाही दुमडून तिच्या शेजारी उभा राहतो आणि अजूनही काड्या थोड्या जाळतो. शाळेतली पोरं त्याला चिडवून काय हाक मारतात, हे त्यानं एकदाच सांगितलं. शरयू शाळेत जायला निघाली होती, त्यानंच हात धरून थांबवलं. “दीदी, वो मैं देख लूँगा.”

परवा कुणीतरी बातमी आणली, ‘लाल कंदील’ भोपाळला दुसरं दुकान काढून राहिलाय. शरयूनं हातातला पंखा असा मारला की ठिणग्या बाकापर्यंत उडाल्या.

“सोड ना गं आता,” लीलाताई गल्ल्यावरून म्हणाल्या. “किती दिवस जळत बसशील?”

“नाही सोडत,” शरयू म्हणाली, आणि समोर येऊन बसलेल्या माणसाला तिनं विचारलं, तिखट चालेल का.