वर-खाली एकच न्यूट्रल

लखनौला आम्ही इंदिरा नगरात एका निवृत्त हेडमास्तरांच्या घरी खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. वर ते आणि त्यांची पत्नी. नव्वदच्या दशकाची सुरुवात, माझ्या लग्नाला दोन वर्षं झालेली. सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदाच यायच्या होत्या, त्याही ऐन जानेवारीत. महाराष्ट्रात बदली मागणारा ह्यांचा अर्ज भरून टेबलाच्या खणात तयार होता, फक्त आईने एकदा 'चला परत' म्हणायची खोटी होती. मला लखनौ सोडायचं नव्हतं. इथे मला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं, आणि साताऱ्यात ते जन्मात मिळणार नव्हतं.

सासूबाईंनी पत्रात एकच विचारलं होतं, आंघोळीला कढत पाणी मिळेल ना? मी ठोकून दिलं, गीझर आहे. होता, पण लहरी. वरच्यांनी त्यांचा गीझर लावला की आमचे दिवे डोळे दिपवत, मिक्सर किंचाळे, आणि वर त्यांचं पाणी मात्र कोमटच राही. आम्ही आमचा लावला की सगळं उलट.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने मीटरची पेटी उघडून पाहिली, टेस्टर कानामागे खोचला आणि हेडमास्तरांच्या देखत सांगितलं, "भाभीजी, ऊपर-नीचे का फेज अलग है, पर न्यूट्रल एक ही है, और वही ढीला है. जिसका लोड ज़्यादा, उसकी बिजली गिरेगी, दूसरे की चढ़ेगी."

मग आवळ की बाबा, म्हटलं. तर सैल जोड बाहेर खांबावर. ते काम लाइनमनचं, आणि लाइनमन येणार 'खिचड़ी के बाद', म्हणजे संक्रांत झाल्यावर.

"तब तक दोनों गीज़र साथ चलाइए," मिस्त्री म्हणाला. "बराबर रहेगा."

मग रोज सकाळी सातला हे सांडशीने पाण्याच्या पाइपवर तीन टोले द्यायला लागले. वरून तीन टोले आले की दोन्ही घरांत एकदम बटण दाबायचं. बँकेत कधी वेळेवर न पोचणारा माणूस ह्या कामात मिनिटाची चूक करत नसे. सासूबाई आल्या आणि चार दिवस कढत पाण्याने न्हाल्या. धुक्याला, इथल्या कणकेला, माझ्या वरणाला, सगळ्याला त्यांनी नावं ठेवली, पण पाण्याबद्दल अवाक्षर नाही. माझा जीव त्या पाइपात अडकला होता.

संक्रांतीच्या सकाळी आम्ही टोले दिले, वरून टोले आले, ह्यांनी बटण दाबलं. आमचा दिवा एकदम मिणमिणता झाला. वर फाट्कन आवाज झाला आणि हेडमास्तरांच्या टीव्हीवरचं भजन मध्येच तुटलं. हे जिन्याकडे धावले. त्या गडबडीत सासूबाई न्हाणीघरात शिरल्या. मी थांबा म्हणेपर्यंत आतून कडी लागलीसुद्धा.

दहा मिनिटांनी हेडमास्तर ह्यांच्याबरोबर खाली आले. अंगावर शाल, चेहरा अपराध्यासारखा.

"गलती हमारी है," ते म्हणाले. "आज त्योहार का नहान है. हमने सोचा, अपना गीज़र बंद रखें, पूरी बिजली माताजी को मिले."

मिस्त्रीचं बोलणं त्यांनी माझ्यासमोर ऐकलं होतं. पण सणाच्या दिवशी पाहुणीच्या बरोबरीने आपणही बटण दाबावं, हे त्या माणसाच्या मनाला पटलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

"आणि तुमचा टीव्ही?" मी हिंदीत विचारलं.

"वो तो पुराना था. माताजी का पानी तो गरम हुआ न?"

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. ओठ निळे पडलेले, दातावर दात आपटत होते. पाणी बर्फासारखं होतं हे सांगायला नकोच. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. त्यांनी सगळं आतून ऐकलं असावं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग हेडमास्तरांकडे.

"एकदम कढत था," त्या म्हणाल्या.

हेडमास्तर समाधानाने वर गेले. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन गॅसवर हात धरून उभ्या राहिल्या.

"त्याचा तो बदलीचा अर्ज कुठाय?"

"खणात."

"तिथेच राहू दे. वर तिळगूळ नेऊन दे, आणि आधी चहा टाक, मेले मी थंडीने."