सून ‘व्हय’ म्हणाली नाही

आचऱ्याला आमच्या बागेत पोफळींच्या सावलीला कोकोची झाडं आहेत. ती माझ्या बायकोने लावली. आधी एक व्यापारी बिया न्यायचा. तो यायचा बंद झाला, तशी फळं वानरं खायला लागली. बायको होती तोवर तिने झाडांना हात लावू दिला नाही. ती गेली आणि मला तिकडे बघवेना. तोडून टाकायची ठरवली.

झाड तोडण्याआधी आम्ही बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी बोललो. मुलगा ‘व्हय’ म्हणाला, कोयता घेऊन आलेला गडीही म्हणाला. सून गप्प.

“जीभ खंय गेली गो तुझी?”

“हयसरच आसा, बाबानू. आईंनी लावलेली झाडा. तोडूक व्हय खयच्या तोंडान म्हणू?”

“मगे वानरांका जेवणा घालूया?”

“माका एक वरस द्या. मी चॉकलेट करतंय.”

“चॉकलेट म्हणजे काय घावणे?”

गडी हसला. पण घरचं माणूस ‘व्हय’ म्हणत नाही तोवर मी गाऱ्हाणं पुरं झालं असं मानत नाही. गड्याला चहा पाजून परत पाठवला.

मुलगा कणकवलीची नोकरी सांभाळून झाडं छाटायचा. गोव्यात चॉकलेट करणाऱ्या एकाकडे जाऊन काम शिकून आला. फळं फोडून बिया केळीच्या पानांखाली आंबवायच्या, मग सुकवायच्या. पहिल्या खेपेला सगळ्या बियांना बुरशी आली. सुनेने टोपली उचलून खड्ड्यात ओतली आणि दुसऱ्या दिवशी परत फळं फोडायला बसली. तिच्या जागी मी असतो तर शिव्या घातल्या असत्या. नंतरच्या बिया तिने खळ्यात पातळ पसरल्या आणि दिवसभर हाताने परतत राहिली. भाजलेल्या बिया दळायला एक छोटं यंत्र आणलं होतं, पण दळताना वीज गेली की सगळं त्यातच थिजायचं. मग पाटा उन्हात तापवून दोघं वाटायला बसायची, कोपरापर्यंत काळी. अशी चिकाटी मी माझ्या बायकोत पाहिली होती, नंतर ह्या दोघांत.

वर्ष सरायच्या आत सुनेने पहिली वडी माझ्या हातावर ठेवली.

“खरा सांगा हां.”

“कडू आसा. पण बरी आसा. आणखी दी.”

बायकोने इतकी वर्षं ती झाडं जपली आणि ही चव तिला मिळाली नाही. ते मला अजून सहन होत नाही.

पावसाच्या तोंडावर मुलाने विचारलं, “बाबा, झाडांचा काय करूया?” मी म्हटलं, मधल्या मोकळ्या जागेत आणखी रोपं लाव. खड्डे मीच काढले.