प्रॅक्टिकल मागाहून होतं

आमच्या लातूरच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉलचा संघ होता, पण त्याला हक्काचं माणूस नव्हतं. खेळ शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, मुदत संपली की घरी. सोबत बाईमाणूस असल्याशिवाय मुलींना परगावी न्यायचं नाही असा नियम, आणि बाई शिक्षिका एकही नाही. मग जिमखान्यात झाडलोट करणारी मी कागदावर लेडी मॅनेजर झाले. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकले ती ह्याच पोरींच्या यादीवरून.

त्या साली लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं, मग मैदानावर कोण मारतंय? जमीन फरशीसारखी झालेली. आमची गोलकीपर उडी मारायची नि कोपर सोलून उठायची. पोरगी किनवटकडची, बी.एस्सी.ला. नापास झाली तर वसतिगृहातली जागा जाणार आणि बाप घरी नेणार, हे तिनंच मला सांगितलेलं. तरी बोलायला गोड. "मावशी, किनवटचा नवा जिल्हा होऊ द्या, जिल्ह्याची गोलकीपर मीच. दुसरी हाय कोण?"

विद्यापीठाच्या संघाची निवड नांदेडला होती, आणि नेमकं त्याच दिवशी तिचं रसायनाचं प्रॅक्टिकल. मला विचारायला आली. मी इतकी वर्षं बघत होते, क्रिकेटच्या पोरांचं प्रॅक्टिकल सर लोक मागाहून घ्यायचे. म्हटलं, "घेतात गं मागाहून. चल तू."

नांदेडला तिनं एकही गोल होऊ दिला नाही. निवड झाली. येताना बसमध्ये सगळ्या पोरी गात होत्या, मीही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप. क्रिकेटच्या पोरांना सांभाळून घेणारे सर कायमचे होते, ते निवृत्त झालेले. त्यांच्या जागी आलेले तासिकेवरचे, त्यांची मुदत आदल्या दिवशीच संपली. बाहेरचे परीक्षक गुण भरून गेले होते. मी प्राचार्यांपुढं उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चूक माझी हाय, मीच नेलं."

"मावशी, तुम्ही मॅनेजर फक्त प्रवासापुरत्या," ते म्हणाले. रागानं नाही. "गैरहजर लागलंय. माझ्या हातात आता काही नाही."

निकाल लागला. ती नापास, म्हणून विद्यापीठाच्या यादीतूनही नाव कापलं. तिनं हातमोजे धुऊन आणून दिले. त्या टंचाईत कुठल्या पाण्यानं धुतले, कोण जाणे.

तिचा बाप न्यायला आला. मला बघून हात जोडले. "मॅडम, परवानगीच्या कागदावर तुमची सही बघितली, तवाच मी तिला खेळायला हाव म्हनलं. फुडल्या साली घेतील का हो हिला परत?"

घेतात म्हणायला माझी जीभ उचलेना. तिच्या ट्रंकेची एक बाजू मी धरली, दुसरी त्यानं, आणि आम्ही फाटकापर्यंत गेलो.