न दिलेलं पाणी

मला क्रिकेटमधलं काही कळत नाही असं धरून लोक माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. लाँड्रीवाली बाई, हिला काय कळणार! अरे बाबांनो, चाळीस वर्षं ज्याचे मातीने भरलेले शर्ट मी धुतले तो माझा सख्खा भाऊ, त्या मैदानाचं पिच तोच करायचा. आणि ज्याच्या पांढऱ्या पँटवरचे चेंडूचे लाल डाग घासता घासता माझी बोटं सोलली तो माझा मुलगा. गिऱ्हाईक काउंटरवर कपड्यांचं गाठोडं टाकतं आणि म्हणतं, त्या म्हाताऱ्या माळ्याने त्या कसोटीची पार वाट लावली. मी कपडे मोजून घेते आणि गप्प बसते. आता नाही बसणार. त्याची चूक किती आणि माझी किती, हे एकदा कुणीतरी ऐकून घ्या.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सतराव्या वर्षी मैदानावर रोलर ओढायला लागला तेव्हा घरी सांगून गेला होता की दोन महिने करतो, मग चांगलं काम बघतो. ते चांगलं काम त्याने कधी बघितलंच नाही. रोलर ओढणाऱ्याचा माळी झाला, माळ्याचा मुख्य माळी झाला. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, सकाळी पाचला उठून मातीचा वास घेणाऱ्या माणसाशी कोण संसार करणार? तेही खरंच होतं म्हणा.

पिचवर पाय ठेवायचा तो चप्पल काढूनच. आधी अंगठ्याने दाबून बघायचा, मग खिशातली घराची किल्ली मातीत खुपसायचा. किती आत जाते, बाहेर येताना माती किती चिकटते, यावरून त्याला ओल कळायची. साहेब लोकांनी ओल मोजायचं यंत्र आणून दिलं, ते त्याने शेडमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलं. त्या किल्लीपायी आमच्या दाराचं कुलूप मला तीनदा बदलावं लागलं, आत नुसती माती! मी तोंड सोडलं की तो शांतपणे म्हणायचा, "तुझं काम आणि माझं काम एकच आहे गं. कपडा कोरडा ठणठणीत असला तर सुरकुती जात नाही, ओला असला तर इस्त्रीला चिकटतो. मधली ओल साधायची, बस्स."

शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने खडूने सगळ्या कसोट्या लिहून ठेवल्या होत्या. टॉस कुणी जिंकला, सामना कुणी जिंकला, एवढंच. एकूण सोळा. पहिल्या चार त्याच्या आधीच्या मुख्य माळ्याने केलेल्या. वरून हुकूम आला की घरच्या फिरकीवाल्यांसाठी कोरडं पिच करा, की तो बिचारा करायचा. त्या चारही वेळा ज्याने टॉस जिंकला त्यानेच सामना जिंकला, आणि त्यात दोनदा पाहुणे होते. पुढच्या बारा दादाच्या हातच्या. त्यात टॉस जिंकणारे पाच जिंकले, चार हरले, तीन सामने अनिर्णित. तो मला ते दार दाखवायचा तेव्हा त्याचा चेहरा फुलायचा. म्हणायचा, पिच वाकडं केलं की घरच्यांचा फायदा वाढत नाही, टॉसचा वाढतो. आणि नाणं काही कुणाच्या घरचं नसतं. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ बघितले, पण हे लोक आधी अंगणच वाकडं करून मागतात.

सचिव दर कसोटीआधी यायचे आणि आडून आडून सुचवायचे, की यंदा पाणी जरा हात राखून द्या. दादा "हो साहेब" म्हणायचा आणि त्याला द्यायचं तेवढं पाणी द्यायचा. बारा वेळा त्याने हेच केलं.

माझा नवरा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता. मी लाँड्रीत, त्यामुळे पोरगं दिवसभर मामाच्या मागे मैदानावर. ते मामा मामा करत फिरायचं म्हणून सगळं मैदानच दादाला मामा म्हणायला लागलं. हातात लिंबू असो की कांदा, गोल दिसलं की पोरगं ते फिरवायचं, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी. दादाने त्याला गोलंदाजी शिकवली ती सरावाच्या सगळ्यात टणक, सपाट पट्टीवर. तिथे चेंडू वळायचं नाव घ्यायचा नाही. पोरगं रडायचं, मामा, पलीकडच्या पट्टीवर किती छान वळतो. दादा म्हणायचा, "त्या पट्टीवर तर माझासुद्धा वळतो. इथे वळव."

आणि त्याने वळवला. दहा वर्षं लागली, पण वळवला. कसोटी संघात गेला, चार सामने खेळला, मग खांदा दुखावला आणि तो बाहेर पडला ते दोन वर्षं. त्याच्या जागी येणारे येत राहिले. एकोणतिसावं पूर्ण झालं तेव्हा फोन आला, पंधरा जणांत नाव आहे. कसोटी कुठे? आमच्याच मैदानावर.

घरच्या मैदानावर, मामाच्या पिचवर! लोकांनी दुकानात येऊन माझं अभिनंदन केलं. मी वरवर हसत होते. पेपरात सरळ लिहिलं होतं की ही त्याची शेवटची संधी. त्या आठवड्यात मी लोकांचे दोन शर्ट जाळले. या पोराने इथे विकेट नाही काढल्या तर पुढे काय? शाळेत पीटी शिकवणार? माझ्या डोक्यात एकच चक्र सुरू होतं. पिच कोरडं असलं की फिरकीवाल्यांची चांदी, हे तर मला त्या दारापाशी दादाचं बोलणं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. त्यातलं अर्धंच मी पाठ केलं होतं, टॉसचं विसरले होते, हे नंतर कळलं.

सामन्याला तीन दिवस होते. पिचला शेवटचं पाणी त्या दिवशी देतात. दादा सांगायचा, पाच दिवस माती एकमेकीला धरून ठेवते ती त्या पाण्यावर. मी त्याचे इस्त्री केलेले शर्ट घेऊन सकाळीच मैदानावर गेले. तो गुडघे टेकून बसला होता, पाइप शेजारी पडलेला, नळ अजून बंद.

मी म्हटलं, "दादा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"आता मागते. हे पाणी देऊ नकोस."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. किल्ली मातीत खुपसली, काढली, पुसली. म्हणाला, तो चांगल्या पिचवरही विकेट काढेल गं, त्याच्यासाठी एवढं करायची गरज नाही. मी म्हटलं, आणि नाही काढल्या तर? त्याने पाइप हातात घेतला. मग मी नको ते बोलले. म्हटलं, तुझं पोर असतं तर पाणी दिलं नसतंस. हे बोलताना मला लाज वाटली नाही. आता वाटते, रोज वाटते.

त्याने किल्ली खिशात टाकली. शेवटी म्हणाला, "पिच मी देऊ शकतो. टॉस नाही देऊ शकत." आणि उठून त्याने पाइप गुंडाळला. मी शर्ट शेडमध्ये ठेवले आणि मोठं काम फत्ते केल्यासारखी दुकानात आले.

सामन्याच्या सकाळी मी दुकान बंद ठेवून मैदानावर गेले, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून. लांबून बघितलं तरी पिच फिकट दिसत होतं, भेगा पडलेल्या. आमचा कर्णधार तिथे वाकला, भेगेत बोट घातलं, उठून उभा राहिला आणि भिंगरीला बाजूला घेऊन गेला. मला काही ऐकू आलं नाही, पण मी आई आहे, मला पाठ बघूनही कळतं. भिंगरीने मान डोलावली आणि अंगावर बाराव्या खेळाडूचं जाकीट चढवलं.

कर्णधाराचं म्हणणं नंतर घरी कळलं. तो म्हणाला होता, अशा पिचवर कुणीही चेंडू वळवेल, त्यासाठी तू कशाला? टॉस हरलो तर चौथा डाव आपल्याला खेळावा लागेल, तेव्हा मला बॅट धरता येणारा माणूस हवा. म्हणून त्याने सहाव्या नंबरवर खेळणारा एक फलंदाज घेतला, जो अधूनमधून चार षटकं हळू गोलंदाजी करायचा. त्या पट्टीवर तर माझासुद्धा वळतो, असं दादा म्हणायचा ना? तेच झालं. टणक पट्टीवर घाम गाळून माझ्या पोराने जी विद्या कमावली, तिची किंमत मी एका सकाळी शून्य करून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग टॉस झाला. पाहुण्यांच्या कर्णधाराने छापा म्हटलं आणि छापा पडला. त्यांनी फलंदाजी घेतली, पहिल्या दिवशी पिच जरा तरी बरं होतं तोवर तीनशेवर धावा केल्या. दुसऱ्या दिवसापासून चेंडू पडला की धूर निघायला लागला. आमचा पहिला डाव कोसळला, मग त्यांचा दुसरा डावही कोसळला, आपल्या त्या हळू गोलंदाजाने, ज्याला एरवी क्लबातली पोरंही झोडपतात, पाच विकेट काढल्या. पण चौथा डाव आमच्या वाट्याला आला होता. तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी अठ्ठ्याऐंशीवर सगळे बाद. भिंगरी तीन दिवस पाण्याच्या बाटल्या नेत होता, आणत होता.

पिच निकृष्ट ठरलं, मैदानावर वर्षभर सामने बंद. समितीची बैठक बसली. इतकी वर्षं पाणी हात राखून द्या म्हणणाऱ्या सचिवांनी हात वर केले, की आम्ही असं काही सुचवलं नव्हतं. खरं तर दादाला तोंड उघडता आलं असतं. त्याने एवढंच सांगितलं, "मला कुणी सांगितलं नाही. पाणी मी दिलं नाही." निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, तेवढीही थांबू दिली नाहीत. शेडच्या चाव्या टेबलावर ठेवून तो निघाला. जाण्याआधी दारावर सतरावी कसोटी मात्र लिहून आला. टॉस पाहुणे, सामना पाहुणे.

घरी वेगळंच रामायण. भिंगरीने जेवणाचं ताट सरकवलं आणि म्हणाला, साधं पिच असतं तर मी खेळलो असतो. मामाने कुणाच्या तरी सांगण्यावरून माझं वाटोळं केलं. आणि त्या दिवसापासून त्याने मामाचं नाव टाकलं. दादा दोन गल्ल्या पलीकडे राहतो, हा वाट बदलून जायचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि मी मूग गिळून बसले. महिनाभर! भावाला जाळ लागलेला दिसत होता आणि मी शर्टांच्या घड्या घालत होते.

एकदा दादा दुकानात आला, स्टुलावर बसला. खूप उतरला होता. मी म्हटलं, मी त्याला सांगून टाकते. तेव्हा तो माझ्यावर डाफरला, आयुष्यात पहिल्यांदा.

"अजिबात सांगायचं नाही. मामा नसला तरी माणसाचं चालतं. आई लागते."

ते ऐकून मला राहवलंच नाही. त्याच संध्याकाळी भिंगरी कामाचे कपडे टाकायला आला, शाळेत लागला होता तो, मला भीती होती तसाच. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. पाइप, किल्ली, मी काय बोलले, दादा काय बोलला, काही गाळलं नाही. मला वाटलं तो ओरडेल, कपडे फेकेल. निदान तेवढं तरी करायचं होतं त्याने.

तो काउंटरला टेकून उभा राहिला. विचारलं, "मामा काय म्हणाला होता? मी चांगल्या पिचवर विकेट काढेन?"

मी म्हटलं, हो.

"आणि तुला वाटलं, नाही काढणार."

मी पुन्हा इस्त्री हातात घेतली. ते खरं होतं. माया होती, काळजी होती, सगळं होतं, पण तेवढा एक भरवसा नव्हता. ते त्याला इतक्या सहज दिसलं.

फळीवर दादाचे शर्ट महिनाभर पडून होते. भिंगरीने ते उचलले, काखेत घेतले आणि मामाच्या खोलीकडे गेला.

आता दोघं रोज सकाळी शाळेच्या मैदानावर असतात. दादाने तिथे एक पट्टी केली आहे, टणक, सपाट, आणि तिला न चुकता पाणी देतो. भिंगरी तिच्यावर मुलांना शिकवतो. घरी आला की जेवतो, माझं पाय दुखणं विचारतो, औषध आणतो. सगळं नीट आहे. फक्त चेंडू वळला की नाही, हे तो मला सांगत नाही, आणि मला विचारायचा धीर होत नाही.